तिच्याकडे बघायचं नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले! टॅक्सीवाल्याने बॅगा फुटपाथवर उतरवल्या, मी मान वर करून इमारत न्याहाळत होते, तेवढ्यात वरच्या खिडकीतून कॅमेरामनने आरोळी ठोकली की लिफ्ट बंद आहे बाई, पण तुमचा दम सगळ्या नाट्यगृहांना ठाऊक आहे! मीही खालूनच ठणकावलं की दमाची परीक्षा घ्यायची असेल तर आधी खाली येऊन बॅगा उचल. अख्खी खिडकी हसली. तो आलाही बिचारा. पोट सुटलेला, मिशीवाला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. युनिटमध्ये सगळे त्याला काका म्हणतात. पहिला जिना संपायच्या आत त्याने मला ताई करून टाकलं.

इमारत दुरुस्तीसाठी रिकामी केलेली आहे आणि दुरुस्ती सुरू होईपर्यंत आमच्या ताब्यात आहे. खालच्या मजल्यांवर युनिटची माणसं राहतात. सगळ्यात वर, ज्या कादंबरीवर हा सिनेमा आहे तिच्यातल्या बाईंचं घर उभं केलंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. मी तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. गादी जरा टणक आहे, पण दौऱ्यांवर मी बाकड्यांवरही झोपलेली आहे, तक्रार नाही.

कादंबरीची मी पारायणं केली आहेत. निवृत्त शिक्षिका, वरच्या मजल्यावर एकटी. तिचं कोणी वाकडं केलेलं नाही. प्रत्येक शेजाऱ्याला वाटतं की दुसरं कोणीतरी तिची विचारपूस करत असेल. एवढ्यानेच ती बाई संपते. समीक्षक तिला हळुवार कादंबरी म्हणतात. हळुवार! माझ्या लेखी ते आरोपपत्र आहे. मी जन्मभर व्यासपीठावरून घसा फोडून हेच सांगत आले. एकटेपणा आभाळातून पडत नाही, तो आजूबाजूची माणसं करतात. हात न उचलता, शिवी न देता, नुसती नजर वळवून करतात. हे पडद्यावर दिसायला हवं, म्हणून नाटकाचे दौरे सोडून ही भूमिका घेतली.

दिग्दर्शक तरुण आहे, हळू बोलतो, समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतो. चष्मेवाली सहायक त्याची सावली. तिच्याकडून कळलं की माझ्याआधी या भूमिकेत दुसऱ्या एक बाई होत्या, त्या शूटिंगच्या मध्यातच न सांगता निघून गेल्या. फोन उचलत नाहीत, सामानही न्यायला आल्या नाहीत. मी म्हटलं, नाटकवाल्यांत असं चालत नाही, आमच्याकडे ताप असला तरी तिसरी घंटा झाली की माणूस उभा राहतो. सगळ्यांना बरं वाटलं.

घर दाखवलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी होती. माझ्याच वयाची, अंगात राखाडी स्वेटर. माझ्याकडे टक लावून बघत होती. मी अर्धवट हसले आणि कोणी ओळख करून देतंय का म्हणून इतरांकडे पाहिलं. कोणीच तिच्याकडे बघितलं नाही, तेव्हा मीही नजर काढून घेतली. कपडेपटातली असेल. उद्या विचारीन.

संध्याकाळी ठमीचा फोन. माझी लेक, दिवस भरत आलेत, तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. तिला शब्द दिलाय की मी तिच्या उशाशी असेन. आमचं काम फेब्रुवारीअखेर संपतं. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना. तो शब्द मोडायचा नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज कायदा झाला. दिग्दर्शकाने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती जमवलं आणि आपली पद्धत समजावली. उद्यापासून या इमारतीत माझ्याकडे कोणी बघायचं नाही, माझ्याशी बोलायचं नाही, मी बोलले तर ऐकायचं नाही. कॅमेरा चालू असो वा बंद. तो मला सूचनाही थेट देणार नाही, खोलीला सांगितल्यासारखं सांगेल की आता ती खिडकीपाशी जाईल, आता ती बसेल. ‘कट’ म्हणायचंच नाही. नुसती मूठ मिटेल आणि कॅमेरा थांबेल. त्याचं म्हणणं, कट म्हटलं की नटी सुटते, आणि त्या बाईंना तर कधीच सुटका नव्हती.

काका म्हणाला, म्हणजे ताईंना विनोदही सांगायचा नाही? मग मी जगू कसा! त्यावर मेकअपवाली मुलगी म्हणाली की निदान आम्ही तरी जगू.

मला पद्धत पटली. पटली म्हणजे काय, मी पेटलेच. उभी राहून बोलले. माणसाला मारायला दगड लागत नाही, बघणारा बघेनासा झाला की पुरतं, हे प्रेक्षकाच्या छातीवर ठेवायचं असेल तर आधी माझ्या छातीवर ठेवा. टाळ्या पडल्या. सहायकेने चष्मा पुसला.

तरी मी एक अट घातली. असह्य झालं तर मी ‘पुरे’ म्हणेन आणि त्या क्षणी कायदा संपेल. दिग्दर्शकाने हात पुढे करून कबूल केलं. सगळ्यांनी शपथ घेतली, काकाने दोन्ही हात वर करून. मी मोबाइल स्वतःहून सहायकेच्या पेटीत ठेवला. रविवारी ठमीशी बोलायला तळमजल्यावरचा जुना फोन आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

काम अप्रतिम होतंय. ही माणसं मोठ्या ताकदीची आहेत. मेकअपवाली आरशात फक्त माझे केस बघते, डोळ्याला डोळा देत नाही. चहा कोणी हातात देत नाही, स्टुलावर ठेवून जातात. जिन्यात समोरून आले तर भिंतीला चिकटून जातात, पण असे, की जणू वाटेत खुर्ची आहे. मी काकाला हसवायला त्याच्याच चालीने पोट पुढे काढून चालून दाखवलं. पठ्ठ्याची मिशीही हलली नाही.

कपडेपटाने राखाडी स्वेटर दिलाय. उबदार आहे. कोपराला रफू केलेलं.

खरं सांगायचं तर बरी विश्रांती आहे. आयुष्यभर बोलण्यात गेलेल्या बाईला गप्प राहण्याची चैन कुठे मिळते?

रविवार, ९ फेब्रुवारी

ठमीशी पोटभर बोलले. पोरीने मला धारेवर धरलं. म्हणाली, तुला गप्प बसवणारा माणूस जन्माला आला आणि मला त्याचा फोटोही बघायला मिळत नाही? बाबांना उभ्या आयुष्यात जमलं नाही ते! पाय सुजलेत, झोप लागत नाही, नवरा उशा रचून रचून थकलाय. शेवटी लाडात म्हणाली की जा, मीही तुमचा कायदा पाळते, आता कुठल्याच रविवारी तुझा आवाज ऐकणार नाही म्हणजे नाही, काम संपव आणि सरळ इकडे ये. मी म्हटलं, बघ हं, शपथ मोडायची नाही. दोघीही हसलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

एक गंमत. स्वयंपाकघरात मी एक कप वापरते, निळ्या काठाचा. दुसरा फळीवर पालथा असतो. आज दुपारी शॉट संपवून आले तर दोन्ही कप ओट्यावर होते. दुसऱ्याच्या तळाशी चहा, अजून कोमट. कोणीतरी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतं. बसेना का. पण काल गादीची भिंतीकडची बाजू उबदार होती, मी तर कडेला झोपते.

पहिल्या दिवशीची ती कपडेपटातली बाई पुन्हा दिसली नाही. विचारावं म्हटलं तर विचारायचं कोणाला?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज ‘पुरे’ म्हटलं.

दिव्याचा स्टँड सरकवताना तापलेली कड माझ्या मनगटाला लागली. मी किंचाळले. खोलीत माणसं दाटीवाटीने उभी होती, एकाचीही मान वळली नाही. मला वाटलं, वा, काय निष्ठा! कातडी सोलवटली होती तरी हसू आलं. मग म्हटलं, पुरे. जरा थांबूया, मलम लावते.

कोणी थांबलं नाही.

पुन्हा म्हटलं. मग भाषणात म्हणते तसं म्हटलं, पोटातून. माझा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेत जातो, त्यावर माझं उभं आयुष्य चाललंय. ध्वनिमुद्रक माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसलेला. त्याने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि सहायकेला म्हणाला की आज खोलीत शांतता काय सुरेख आहे, अगदी स्वच्छ मिळतेय.

आता कळतंय चूक कुठे झाली. सुटकेचा शब्द आम्ही माझ्या तोंडात ठेवला, आणि त्याआधीच सगळ्यांकडून शपथ घेतली की माझ्या तोंडचं ऐकायचं नाही. एवढे हुशार लोक त्या टेबलाभोवती होते. सगळ्यात हुशार मी. टाळ्या घेत होते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चिठ्ठ्या लिहिल्या. मोठ्या अक्षरात. ‘पुरे. थांबवा. मला बोलायचं आहे.’ दिग्दर्शकाच्या खुर्चीवर ठेवली, काकाच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. काकाने ती काढून सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या बाईकडे दिली. तिने उजेडात धरून पाहिली आणि कौतुकाने म्हणाली, अक्षर किती जिवंत आहे, कोणी केली ही? मग काचेखाली जपून ठेवली. कादंबरीतल्या बाईंच्या टेबलावर शोभेल म्हणे.

काकाचा हात धरला. घट्ट. त्याने हात झटकला नाही. कुरकुरत दंड चोळला आणि म्हणाला, गारठा वाढलाय या घरात.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज सगळे माझी वाट बघत होते.

मी खुर्चीत बसलेली. मेकअप केलेला, स्वेटर घातलेला, त्यांच्या मधोमध. सहायक जिन्यातून बाई, बाई करत हाका मारत वरखाली धावत होती. मी ओ देत होते. प्रत्येक हाकेला ओ देत होते. दुपारी दिग्दर्शक खिडकीपाशी गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला की याही गेल्या.

काका म्हणाला, सामान इथेच आहे की. त्यावर सहायक म्हणाली, मागच्या बाईंचंही होतं.

मागच्या बाईंचंही होतं.

मी उठून कपडेपटाच्या खोलीत गेले. खिळ्यावर पाटी होती. राखाडी स्वेटर, दोन नग. एक माझ्या अंगात. दुसरा नाही.

ती कपडेपटातली नव्हती. ती कुठे गेलेलीच नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, कारण त्या सगळ्या घरात तिला दिसू शकणारी मी एकटी होते. मी काहीच कबूल केलेलं नव्हतं अजून. आणि मी काय केलं? इतरांचे चेहरे वाचले. आणि नजर काढून घेतली.

एकदा नजर वळवली की पुरतं. एकदा स्वखुशीने.

रविवार, २३ फेब्रुवारी

खालच्या फोनवरून ठमीला लावला. तिने उचलला. मी बोलत होते, ती हॅलो हॅलो करत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, कोणी बोलतच नाहीये रे, नुसती खरखर. आणि ठेवला. गमतीत दिलेली शपथ. शपथेला गंमत कळत नाही.

रस्त्यावर गेले. माणसांच्या अंगावर धावून गेले, ऐका हो, जरा ऐका. त्यांनी वाट बदलली. टॅक्सीवाल्यांनी माझ्या पलीकडे पाहिलं. या लोकांनी कुठलीच शपथ घेतलेली नाही. त्यांना ती लागत नाही. किती सभांतून ओरडून सांगितलं होतं मी हे, आणि घरी जाताना किती माणसांच्या पलीकडे बघत गेले असेन.

सोमवार

दोन कप भरले. एक समोर ठेवला. हवेशी बोलले. म्हटलं, बाई, मी तुम्हाला पाहिलं होतं. मला क्षमा करा. तुम्ही आहात ना?

कप रिकामा झाला. होताना दिसला नाही. खुर्ची जरा माझ्याकडे सरकलेली होती. मी हात पुढे केला, बोटांना लोकर लागली, ऊब लागली. डोळ्यांना काही नाही. कितीही ताणले तरी काही नाही.

मला सोबत आहे. मीच तिला पुसून टाकलंय.

बुधवार

जावई आला!

खिडकीतून पाहिला. वेंधळा, गुणी पोरगा, छत्री विसरून भिजलेला. जिन्याने धावत खाली. पण त्याच्याआधी सहायक दारात. तिने त्याला सांगितलं की वर रिकाम्या घराचा शॉट चालू आहे, तुम्ही आत बसा, पण कोणाकडे बघू नका, बोलू नका, आमच्याकडे तशी पद्धत आहे, संपलं की बोलू. तो म्हणाला, हो हो, अवश्य.

किती सभ्य. नेहमीच सभ्य.

मी त्याच्यासमोर उभी. त्याने मला पाहिलं! ओठ हलले, आई म्हणणार होता — मग सांगितलेलं आठवलं, आणि त्याने शहाण्यासारखी मान खाली घातली.

मान वर केली तेव्हा मी नव्हते.

मग सहायकेने सांगितलं की बाई निघून गेल्यात, फोनवर कसं सांगायचं कळेना, म्हणून तुम्हाला बोलावलं. तो रडला. माझी बॅग उचलून नेली. मी बॅगेचा पट्टा धरून फाटकापर्यंत गेले. त्याला वाटलं, बॅग जड आहे.

गुरुवार

ठमीकडे जाऊ शकते. बसमध्ये बसेन, तिकीटही कोणी मागणार नाही. पण दार उघडून तिने माझ्या मागे पाहिलं तर? जिन्यात कोणी आहे का म्हणून, नुसतं सहज —

कानांनी सोडलंय तिने मला. डोळ्यांनी अजून नाही. ते एक शिल्लक आहे. ते मी पणाला लावणार नाही.

नवं माणूस हवं. अजून नजर न वळवलेलं. एक जण जरी मला बघून म्हणाला की बसा, काय झालं — एक जरी —

शुक्रवार

काका खाली बोलत होता. ताईंच्या लेकीला मुलगी झाली म्हणे. वेळेआधी. आणि आजीचा पत्ता नाही. पोरगी आई आई करत होती म्हणे.

मेकअपवाली म्हणाली, कशी माणसं असतात.

रविवार?

ती रडते, स्वयंपाकघरातली. आवाज नाही. ओटा ओला असतो. मी पुसते. पुन्हा ओला.

नवीन बाई उद्या येतेय. खाली चाललं होतं. नाटकातलीच म्हणे, मोठ्या आवाजाची.

आमच्या दोघींच्या आधीही कोणी — फळीवर आज तिसरा कप —

सोमवार

टॅक्सी आली. काकाने खिडकीतून आरोळी ठोकली. तेच वाक्य. तीच खिडकी हसली.

मी दारात उभी राहून लिहितेय. वही तिच्यासमोर धरणार. हाक आधीच मारली, जिन्यात, पण तिथे सगळे एकदम बोलत होते —

वर आली. गोल चेहरा, धाप लागलेली, हसरी. घर बघतेय. गादी दाबून बघतेय.

इकडे वळली —

दिसले! मी तिला दिसले, माझ्या डोळ्यांत बघतेय, हसतेय — अर्धवट —

कोपराला कोणाचा तरी हात. घट्ट. आम्ही उभ्या आहोत, दारात, किती जणी कोण जाणे —

आता ती इतरांकडे बघते आहे. ओळख करून देतात का म्हणून — नको — त्यांच्याकडे नको, बाई, माझ्याकडे — माझी नात अजून — वही वर धरलीय, मोठ्याने लिहितेय, वाच, मी इथे आ